सुतक कधी फिटलं?

*पत्र :*

बाबा सात महिन्यांपूर्वी गेले. पदार्थविज्ञान शिकवायचे, पक्के नास्तिक. दहा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, 'माझ्या देहावर कोणतेही संस्कार करू नयेत. नेत्रदान आणि देहदान करावं.' आम्ही अक्षरशः तसंच केलं. दुपारी दीडला ते गेले आणि संध्याकाळी सातला वैद्यकीय महाविद्यालयात कागदांवर सह्या करून आम्ही घरी परतलोसुद्धा होतो. आठव्या दिवशी त्यांच्या मित्रांनी श्रद्धांजली सभा घेतली. चांगली झाली.

आई सत्तरीची आहे, श्रद्धाळू, पण बाबांच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. तेव्हाही काही बोलली नाही. मात्र तेव्हापासून तिनं घरात गोड केलेलं नाही, देवांना हात लावलेला नाही, गणपतीत सोसायटीच्या आरतीला उतरली नाही. शेजारच्या काकूंनी त्या रात्री पिठलं-भाताचा डबा आणला होता, तो अजून आमच्या ओट्यावर आहे. रिकामा परत कसा द्यायचा, आणि सुतकात भरून तरी कसा द्यायचा, म्हणते. परवा मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं, तेव्हा म्हणाली, 'मी नाही येत. आपलं सुतक कधी फिटलं ते मला कोणी सांगितलंच नाही.'

नातेवाईक म्हणतात, आता तरी तेरावं करा. माझा यातल्या कशावरही विश्वास नाही, आणि अर्थ कळत नसलेल्या क्रिया उरकणं म्हणजे बाबांशी बेइमानी वाटते. या विधींना नेमका अर्थ काय असतो? आपलं आपणच काही रचलं तर ते नाटक होणार नाही का?

— एक वाचक, कोथरूड

*उत्तर :*

तुम्ही मला विधींचा अर्थ विचारलात. आईंनी तारीख विचारली आहे. मला आईंचा प्रश्न जास्त नेमका वाटतो. तरी आधी तुमचा घेते, कारण तुमचा पाय त्यातच अडकला आहे.

'प्रत्येक क्रियेला काही अर्थ असणार, तो कळला की मगच ती करायची,' ही अपेक्षा आपल्याकडच्या जुन्या कर्मकांडवाल्यांनासुद्धा मान्य नव्हती. पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदातल्या कर्मांचा विचार करणाऱ्या दर्शनात, वेदवाक्यांची सरळ वाटणी केलेली आहे. 'अमुक करावं' असं सांगतो तो विधी. ते का चांगलं, त्यानं काय होतं, कोणत्या देवानं ते पूर्वी केलं, हे सगळं म्हणजे अर्थवाद. अर्थवादाचं काम माणसाला कर्माकडे वळवण्यापुरतं. भाष्यकार शबरस्वामींनी तर देवतेला शरीर असतं आणि ती येऊन नैवेद्य खाते, ही कल्पनाच मोडीत काढली आहे. म्हणजे यज्ञ मांडायचा काटेकोर, आणि तो घ्यायला कुणी देहधारी येतं असं मात्र मानायचं नाही! बाबांना हे आवडलं असतं असं वाटतं. फ्रिट्स स्टाल नावाच्या डच अभ्यासकानं १९७५ साली केरळातल्या पांजाळ इथे बारा दिवस चाललेलं अग्निचयन, हा जुना वैदिक यज्ञ, जवळून पाहिलं आणि पुढे थेट मांडलं, की विधी ही मुळात नियमांनी बांधलेली कृती आहे, करणाऱ्याचं लक्ष ती बिनचूक होण्याकडे असतं, अर्थ तिला बाहेरून चिकटतात. मला त्याचं पूर्ण पटत नाही. पण 'तांब्याच्या भांड्यामुळे अमुक किरण शोषले जातात' छापाचे जे संदेश सकाळी सकाळी फोनवर येऊन पडतात, ते पाहिले की मीमांसकांची आठवण येतेच. अर्थवादच तो, फक्त त्याला प्रयोगशाळेचा कोट घातलेला.

तेव्हा दर्भ कशाचं प्रतीक आणि तीळ कशाचे, हे शोधत बसू नका. हा विधी घरात कोणतं काम करत होता, ते पाहा.

मृत्यूनंतरच्या दहा-तेरा दिवसांचा साचा मनाशी मांडून बघा. स्मशानात मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरतो, प्रत्येक फेरीला त्याला एक भोक पाडतात. ज्या दगडानं भोक पाडायचं तो जीवखडा, अश्मा. तो जपून ठेवायचा, त्यावर दहा दिवस तिलांजली द्यायची. म्हणजे माणूस गेला, पण एक मुठीएवढी वस्तू उरली, आणि तिच्याशी रोज काही करायचं आहे. घरात चूल नाही, जेवण शेजारचे आणतात. देवपूजा बंद, गोडधोड बंद. दहा दिवसांचे दहा पिंड, आणि त्या पिंडांनी गेलेल्या माणसाचं नवं शरीर एकेका अवयवानं तयार होतं अशी कल्पना. पहिल्या दिवशी डोकं, आणि दहाव्याला तहानभूक. बाराव्याला सपिंडीकरण : त्याच्या पिंडाचे तीन भाग करून ते बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळायचे. इतके दिवस जो 'प्रेत' होता, तो त्या क्षणी 'पितर' होतो. तेराव्याला घरात गोड शिजतं, सासरमाहेरची माणसं दुखवट्याचे कपडे घेऊन येतात, जेवायला बसवतात, आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामावर जातो.

यातला आत्मा तुम्ही बाजूला ठेवलात, तरी काय उरतं बघा. एक वेळापत्रक उरतं. कुणी काय करायचं याची वाटणी उरते. आणि 'आता झालं' असं दहा जणांसमोर म्हणण्याचा एक दिवस उरतो.

रोबेर हेर्त्झ नावाच्या फ्रेंच तरुणानं १९०७ साली मृत्यूवर एक दीर्घ निबंध लिहिला. बोर्निओतल्या दायाक लोकांकडे प्रेत आधी तात्पुरतं ठेवतात आणि बऱ्याच काळानं दुसऱ्यांदा, थाटानं अंत्यविधी करतात. हेर्त्झच्या लक्षात आलं, की तिथे तीन प्रवास बरोबरीनं चाललेले असतात. देहाचा, आत्म्याचा आणि मागे राहिलेल्यांचा. देह जोवर मधल्या अवस्थेत, तोवर आत्माही अधांतरी आणि सुतकातलं घरही अधांतरी. तिघं एकाच दिवशी मुक्कामाला पोचतात. (हा हेर्त्झ पुढे पहिल्या महायुद्धात १९१५ साली, तेहतिसाव्या वर्षी, मारला गेला.) हेर्त्झच्या निबंधानंतर दोन वर्षांनी व्हान गेनेप या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकानं हेच मोठं करून सांगितलं : जन्म, मुंज, लग्न, मरण, कुठलंही स्थित्यंतर घ्या, आधी माणसाला वेगळं काढायचं, मग काही काळ उंबऱ्यावर ठेवायचं, मग पुन्हा आत घ्यायचं. आपल्या लग्नात अंतरपाट धरलेला असतो तो उंबरा, आणि नवरी माप ओलांडते ते आत घेणं.

आता तुमच्या घरात काय झालं ते पाहा. दीड ते सात, साडेपाच तास. त्या साडेपाच तासांत देह मुक्कामाला पोचला, आणि फार चांगल्या मुक्कामाला पोचला, याबद्दल दुमत नाही. तुमचं म्हणाल, तर तुमच्या हातात काम होतं : फोन, गाडी, सह्या. तुमचा प्रवासही बराचसा त्या धावपळीत झाला असावा. आई घरात वेगळ्या काढल्या गेल्या त्या तशाच राहिल्या. उंबऱ्यावर सात महिने. त्यांनी सुतकाचे नियम कुणी न सांगता स्वतःच पाळायला घेतले, कारण तेवढेच त्यांना येत होते. ते संपवण्याचा अधिकार मात्र त्यांच्या एकटीकडे नाही. सुतक कुणी स्वतःपुरतं फेडत नसतं, त्याला चार माणसं लागतात.

इथे एक घरचीच गोष्ट सांगते. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला आम्ही ओंकारेश्वरावर गेलो होतो. पुण्यातली बरीच घरं दहाव्याला तिथेच जातात, तुम्ही पाहिलं असेल. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पलीकडच्या लोकांच्या पिंडाला शिवून गेला, आमच्याकडे ढुंकून पाहीना. चाळीस मिनिटं झाली. गुरुजी म्हणाले, त्यांची काही इच्छा राहिली असेल, बोला. मग एकेक जण पुढे होऊ लागला. नणंद म्हणाली, आईला मी सांभाळीन. धाकटे दीर म्हणाले, तुमचं औषधांचं बिल मी दादाला दिलं नव्हतं, ते देतो. हे बिलाचं प्रकरण आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं! शेवटी आमचे हे म्हणाले, गावचं घर विकणार नाही. आणि कावळा आला.

घर चौथ्या वर्षी विकलं. कावळ्याला काय कळतं, यावर मी वाद घालणार नाही. पण दोन भावांनी एकमेकांच्या देखत, बापाला उद्देशून, मोठ्यानं ते चाळीस मिनिटांतलं बोलणं एरवी कधी केलं असतं का? कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववण्याची सोयही रचणाऱ्यांनी ठेवलेली आहे. म्हणजे वेळ द्यायचा, पण माणसं तिथेच अडकून राहू द्यायची नाहीत.

आता सभेविषयी. सभा चांगली झाली असं तुम्ही लिहिता, आणि माझा विश्वास आहे. पण धर्माचं नाव नसलं म्हणजे तिथे विधी नव्हता असं समजू नका. आपली पुण्यातली सभा म्हणजे षोडशोपचारच असतात. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य... तशी इथे पाहुण्यांचं आगमन, स्थानापन्न होणं, पाण्याची बाटली, पुष्पगुच्छ, शाल, श्रीफळ. प्रास्ताविक म्हणजे संकल्प : आपण कुठे, कोणत्या दिवशी, कशासाठी जमलो ते सांगायचं. आणि आभारप्रदर्शन म्हणजे विसर्जन, ते झाल्याशिवाय कुणाला उठता येत नाही, कितीही लांबलं तरी. श्रद्धांजली सभेत शाल वगळून दोन मिनिटं स्तब्धता येते. ही स्तब्धताही कुणीतरी ठरवून सुरू केलेली आहे. पहिलं महायुद्ध थांबल्याला वर्ष झालं तेव्हा, ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सकाळी अकराला, ब्रिटनच्या राजाच्या आवाहनावरून साम्राज्यभर दोन मिनिटं सगळं थांबवलं गेलं. आज आपल्या शाळांतली पोरंसुद्धा ती पाळतात आणि कुणी तिला नाटक म्हणत नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं. रचलेला विधी खोटा ठरत नाही. रचणाऱ्यांचाच तेवढा असतो, तेव्हा तो फसतो.

त्या सभेत आई कुठे होत्या? मी पैजेवर सांगते, पहिल्या रांगेत. लोक बोलत होते आणि त्या ऐकत होत्या. पन्नासेक वर्षांच्या संसारानंतर त्या आपल्या नवऱ्याच्या निरोपाला प्रेक्षक म्हणून हजर होत्या. त्यांच्या हातून त्या दिवशी काही झालं का? एखादं फूल वाहण्यापलीकडे?

बाबांशी बेइमानी होईल, हे तुमचं म्हणणं मी हलक्यानं घेत नाही. त्यांचं वाक्य पुन्हा वाचा : 'माझ्या देहावर कोणतेही संस्कार करू नयेत.' ते तुम्ही शब्दशः पाळलंत आणि देह आता तुमच्या ताब्यात नाही. आईंनी दुःख कसं करावं, याबद्दल त्यांनी काही लिहिलेलं तुमच्या पत्रात तरी नाही. आपल्या गावातलंच एक उदाहरण देते. महात्मा फुल्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं, की मला जाळू नका, मिठात घालून पुरा. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, आणि वस्तीत पुरायला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. दहन करावं लागलं. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेतलं मडकं, हातात धरलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्या काळच्या पुण्यात, बाईनं! भटजीला बाहेर काढणाऱ्या जोतीरावांनी लग्नाचे आणि इतर पूजांचे विधी नव्यानं लिहून काढले होते, मंगलाष्टकंसुद्धा. विधींशिवाय घर चालत नाही हे त्यांना पुरेपूर माहीत होतं. फक्त ते कुणाच्या हातून व्हावेत आणि त्यात काय बोललं जावं, यावर त्यांचा हक्क होता. गंज पेठेत फुलेवाड्यात आजही समाधी आहे. जाऊन या एकदा, आईंना घेऊनच जा.

(विधीचं व्याकरण विरोधकांनाही तितकंच येत होतं, हेही सांगायला हवं. आगरकरांची याच शहरात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. ती पाहून त्यांना आणि सगळ्या गावाला अर्थ लगेच कळला, कुणाला तळटीप लागली नाही.)

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे, आईंना विचारा. तुम्ही मला विचारलंत, नातेवाइकांनी तुम्हाला सांगितलं, आणि ज्यांचं सुतक आहे त्यांना कुणी विचारलंय असं पत्रात दिसत नाही. 'तेरावं करू या का' असं विचारू नका. त्या तुमच्या तोंडाकडे बघून 'नको' म्हणतील, आयुष्यभर तेच केलंय. 'त्या दिवसांत तुझ्या हातून काय व्हायचं राहिलं?' असं विचारा, आणि मग गप्प बसा. उत्तर यायला दोन दिवस लागतील कदाचित.

त्या म्हणाल्या की गुरुजी हवेत, पिंड हवेत, तर बोलवा. त्यांच्या नवऱ्याइतकाच हा त्यांचाही विषय आहे. तुमचा विश्वास नाही, हे तुम्ही आईंना आणि गुरुजींना सरळ सांगा, आणि पाटावर बसा. लपवाछपवी नको. उशीर झाला म्हणून कुणी नाक मुरडलं तर सांगा, की सपिंडीकरणाला शास्त्रानं वर्षअखेर हाही काळ दिलेला आहे, बारावा दिवस ही रूढ झालेली सोय. शंका असेल त्यानं पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड उघडावा. अंत्येष्टी, अशौच आणि श्राद्ध, सगळं त्यात आहे. भांडारकर संस्थेनं तो १९५३ सालीच छापलाय. आणि मराठीत अर्थ सांगत, आईंनाही संकल्प सोडू देत विधी करणारे पुरोहित हवे असतील, तर ज्ञानप्रबोधिनीत चौकशी करा. तिथे स्त्रियाही पौरोहित्य करतात.

'तसं काही नको, पण...' असं म्हणाल्या, तर त्या 'पण'वर तुम्ही रचायला घ्या. माझ्या मते चार गोष्टी सांभाळल्यात तर पुरे. एक, घरातच करा. हॉल नको, पडद्यावर फोटो फिरवणं नको, सूत्रसंचालक तर मुळीच नको. दोन, सुरुवातीला कुणीतरी नीट उच्चारून सांगा : आजची तिथी, वार, हे घर, बाबांचं पूर्ण नाव, ते कोणत्या दिवशी गेले, आणि आज आपण त्यांचं सुतक फेडतो आहोत. 'फेडतो आहोत' हा शब्द टाळू नका, सगळं त्या शब्दासाठी चाललंय. तीन, मुख्य कृती आईंच्या हातून होऊ दे. अस्थी नाहीत, जीवखडा नाही, म्हणून हातात धरायला काही तरी हवं. बाबांचं पेन, चष्मा, शिकवायच्या टिपणांची वही, जे त्या निवडतील ते. ते त्यांनी कुणाच्या तरी हाती द्यावं, नातवाच्या किंवा त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या. दिलं, आणि घेणाऱ्यानं घेतलं, एवढंच. त्याआधी ज्याला बाबांना उद्देशून काही बोलायचं राहिलंय त्यानं बोलावं. कावळ्याची वाट न बघता. तुम्हीही बोला, मला वाटतं तुमचंही काही राहिलेलं आहे.

चौथी गोष्ट मामांकडे. त्यांनी दुखवट्याची साडी आणावी आणि बहिणीला सांगावं, 'ताई, ऊठ, फिटलं.' हे तुम्ही म्हणून चालणार नाही. तुम्ही त्याच सुतकात आहात. ते बाहेरून आलेल्या माणसानंच म्हणायला हवं. मामा नसतील तर माहेरचं दुसरं कुणी.

दिवस लग्नाच्या आधीचा धरा, निदान आठवडाभर आधीचा. साडी नेसायची की नाही, लग्नाला जायचं की नाही, ते आईंना ठरवू दे. मागे लागू नका.

आणि त्या दिवशी गोडाचा स्वयंपाक आईंनीच करायचा. बाहेरून श्रीखंडाचे डबे आणाल तर सगळं मुसळ केरात. शिरा करोत, लाडू करोत. पहिला शेजारच्या काकूंच्या डब्यात भरायचा आणि तो डबा आईंनी स्वतः त्यांच्या दारात नेऊन द्यायचा.